सूर्य बुडाला तेव्हा आमची पंगत बसली होती

"मिसिसिपी नदीवर दीडशे वर्षं जुन्या ऐतिहासिक वाफेच्या बोटीत, सूर्यास्त पाहत शाही भोजन."

ही ओळ माझी. धरमपेठेतल्या आमच्या दोन टेबलांच्या ऑफिसात, बाजूला तर्री-पोह्यांची प्लेट ठेवून मी ती लिहिली आणि सहलीच्या पत्रकावर सगळ्यात वर, जाड अक्षरांत छापून घेतली. २२ जणांनी पैसे भरले. त्यातल्या निम्म्यांनी तरी याच ओळीवर बोट ठेवून "हे नक्की आहे ना?" असं विचारलं होतं. मी छातीठोकपणे हो म्हटलं.

ओळीत तीन गोष्टी होत्या: बोटीचं वय, सूर्यास्त आणि जेवण. जूनमधल्या एका सोमवारी न्यू ऑर्लिन्सला दोन तासांत त्या तिन्ही उघड्या पडल्या. बोट वेळेवर सुटली, वेळेवर धक्क्याला लागली, आणि बोटीवाल्यांनी जे कबूल केलं होतं ते सगळं दिलं. घोळ नागपुरातच झालेला होता. लहान सहली काढणाऱ्यांच्या कामी येईल म्हणून प्रकरण जसं घडलं तसं मांडतो.

गट ५८ ते ७४ वयाचा. बहुतेकांची मुलं टेक्सासात नोकरीला, म्हणून मुलांकडे राहणं आणि थोडं फिरणं असा दुहेरी बेत. (मे-जूनमध्ये नागपूर सोडायला तसं वेगळं कारण लागत नाही.) ह्यूस्टनला उतरून दोन दिवस आराम, तिसऱ्या दिवशी बसने साडेपाचशे किलोमीटरवरचं न्यू ऑर्लिन्स, चौथ्या दिवशी संध्याकाळी बोट. २२ पैकी १४ शाकाहारी, त्यात दोघे कांदा-लसूणही न खाणारे. उरलेले आठ जण सावजीच्या रश्श्यावर वाढलेले, पण डुक्कर आणि गाय म्हटलं की तेही हात मागे घेणारे. दोन काकूंचे सोळा सोमवार चालू. एका काकूंना संध्याकाळी इन्सुलिन, त्यामुळे सातच्या आत जेवण पोटात गेलंच पाहिजे. आणि एक फिटरभाऊ: मोतीबागेतल्या नॅरोगेजच्या वर्कशॉपमधून निवृत्त, तरुणपणी वाफेच्या इंजिनांवर हात काळे केलेले. अमेरिकेत त्यांना एवढी एकच गोष्ट पाहायची होती. बाकी सगळं काकूंसाठी.

वेळापत्रक आणि पंगत

बोटीचं वेळापत्रक सरळ होतं. संध्याकाळी ६ वाजता चढायचं, ७ला बोट सुटणार, ९ला परत. जेवण मात्र सगळ्यांचं एकदम नाही. दोन पंगती. पहिली चढल्याचढल्या, बोट धक्क्याला बांधलेली असतानाच. दुसरी बोट सुटल्यावर. आम्हाला सांगितलेली वेळ पावणेआठची. तिकीट काढतानाच पंगत निवडायची होती.

मी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर विचारलं. पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं: "सहा वाजता कोण जेवते बाप्पा? तेव्हा तर आपण चहा घेऊन राहतो." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. सोमवारवाल्या काकूंनी लिहिलं, "दिवस मावळल्यावरच सोमवार सोडतो आम्ही, दुसरीच पंगत बरी." कोणीतरी लिहिलं की आपल्याकडे घरची माणसं शेवटच्याच पंगतीला बसतात, तोच मान. इन्सुलिनवाल्या काकूंनी मला वेगळा फोन केला. "तू आम्हा दोघांना पहिल्या पंगतीत टाक, बेटा. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

मी वीस तिकिटं दुसऱ्या पंगतीची काढली आणि दोन पहिल्या. माझा हिशेब असा होता: ७ला बोट सुटेल, सूर्य मावळताना सगळे वरच्या डेकवर असतील, फोटो काढतील, आणि अंधार पडता पडता पावणेआठला खाली जेवायला येतील. कागदावर याहून चोख काही असू शकत नव्हतं.

हा हिशेब नागपूरच्या घड्याळावर केलेला होता. जूनच्या मध्यावर नागपुरात सूर्य सातला दोन-चार मिनिटं असताना मावळतो, आणि इतकी वर्षं तेच डोळ्यांत बसलेलं. न्यू ऑर्लिन्स ९० अंश पश्चिम रेखांशावर आहे. अमेरिकेच्या सेंट्रल टाइमची प्रमाण रेघ हीच, त्यामुळे हिवाळ्यात तिथे घड्याळात १२ वाजता सूर्य जवळपास डोक्यावर येतो. उन्हाळ्यात मात्र ते घड्याळं एक तास पुढे करतात. मग डोक्यावर यायलाच १ वाजतो, आणि मावळायलाही तासभर उशीर. त्यात शहर ३० अंश उत्तरेला आणि आपण २१वर, म्हणून जूनमधला त्यांचा दिवस आपल्यापेक्षा पाऊणएक तास मोठा. सगळं धरून त्या संध्याकाळी सूर्यास्त होता ८ वाजून ३ मिनिटांनी. फोनवर बघायला दहा सेकंद लागले असते. विमानाच्या वेळा, व्हिसाच्या तारखा, हॉटेलच्या खोल्या असं सगळं मी तीन-तीनदा तपासलं होतं. सूर्याची वेळ तपासायची असते हे डोक्यातच आलं नाही.

दुसरं कारण गोवा. आमच्या लोकांची 'क्रूझ' म्हणजे पणजीची मांडवी. तासाभराची फेरी, वरच्या डेकवर खुर्च्या, समोर नाचगाणी, सूर्य आपोआप नदीच्या तोंडाशी उतरतो. तिथे बसल्या जागी सगळं आपल्यापुढे येतं. इथे जेवण आत, नदी बाहेर, इंजिन खाली आणि गाणी आणखी वेगळीकडे. दोन तासांत काय सोडायचं ते आपणच ठरवायचं. पत्रकात मी सगळं एका वाक्यात एकत्र बसवलं होतं, म्हणून लोकांनाही ते एकाच जागी मिळेल असं वाटलं. त्यांचं काही चुकलं नाही.

जेवणाच्या रांगेतली वीस मिनिटं

लुइझियानाचं जेवण चवीचं आहे, पण शाकाहारी माणसासाठी त्यात सापळे आहेत. त्याची चुणूक दुपारीच मिळाली होती. न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी लाल घेवडा आणि भात करायची जुनी पद्धत आहे. सोमवार कपडे धुण्याचा दिवस, मग चुलीवर मंद आचेवर घेवडा ठेवून द्यायचा आणि बायकांनी धुण्याला लागायचं. शहरातल्या एका खाणावळीत ते ताट पाहून आमच्यातल्या एका काकूंचा चेहरा उजळला. "अगं, राजमा-चावल!" दिसायला अगदी तसंच. फक्त त्यात बहुधा डुकराचं मांस शिजवलेलं असतं. घास तोंडाशी जायच्या आत मी थांबवलं. गंबो नावाच्या दाट रश्श्याचंही तेच. त्याचं नाव आफ्रिकेतल्या भेंडीच्या शब्दावरून आलेलं आणि भेंडी त्यात असतेही, पण सोबत कोळंबी, कोंबडी किंवा सॉसेज असतं. नुसती भेंडी दिसली म्हणून वाढून घेता येत नाही.

या अनुभवानंतर संध्याकाळी मी बोटीवर बुफेच्या तोंडाशी उभा राहिलो. प्रत्येक भांड्यात काय आहे ते वाढणाऱ्यांना विचारायचं आणि आपल्या माणसांना मराठीत सांगायचं. "हे चालेल. हे नाही. यात लोणी आहे, चालेल. हे विचारून सांगतो." वाढणारे शांतपणे उत्तरं देत होते, एकाने तर आत जाऊन विचारून आणलं. पण २० जणांना १४ तऱ्हेच्या शंका. रांग पुढे सरकेना. पावणेआठला सुरू झालेलं वाढणं आठ वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा संपलं.

म्हणजे नेमका ८ वाजून ३ मिनिटांनी मी कोणाला तरी सांगत होतो की पोळीसारखा दिसणारा तो पदार्थ अंड्याचा आहे.

सात ते पावणेआठ काय केलं, असं कोणी विचारेल. वरच्या डेकवर गेलोच होतो. पण त्या वेळी ऊन डोळ्यांवर येत होतं, हवा दमट, आणि मी सगळ्यांना सांगत होतो, "थांबा, आत्ता मावळेल." कोणी पदर डोक्यावर घेतला, कोणी सावलीची खुर्ची शोधली. चार जणांना झोप येत होती. संध्याकाळचे सहा म्हणजे नागपुरात पहाटेचे साडेचार, आणि चौथ्या दिवशीही शरीर नागपुरातच असतं. पावणेआठला बोलावणं आलं तेव्हा सूर्य चांगला हातभर वर होता. "जेवून येऊ, मग पाहू," असं म्हणून मीच सगळ्यांना खाली आणलं.

दोघांनी काय पाहिलं

इन्सुलिनवाले काका-काकू सव्वासहाला जेवायला बसले होते. रांग नव्हती, गर्दी नव्हती. त्यांनी सावकाश विचारून विचारून वाढून घेतलं. बोट सुटली तेव्हा ते तृप्त होऊन मागच्या बाजूच्या डेकवर रेलिंगला धरून उभे होते.

ही बोट 'स्टर्नव्हीलर' आहे, म्हणजे पाणी मागे लोटणारं मोठं चाक तिच्या शेपटीला असतं. पांढऱ्या ओकच्या फळ्यांचं, लाल रंगवलेलं, २६ टनांचं. फ्रेंच क्वार्टरच्या धक्क्यावरून सुटून बोट नदीच्या खालच्या अंगाला, पूर्वेकडे जायला लागली की शहर मागे राहतं. नदीने तिथे असा काही वळसा घेतलाय की 'वेस्ट बँक' म्हणतात तो किनारा शहराच्या पूर्वेला येतो. तिथे सूर्य पश्चिम किनाऱ्यावर उगवतो असं लोक गमतीने सांगतात. त्या वळणावर नदी सुमारे २०० फूट खोल आहे, आणि बोट पाण्यात बुडते जेमतेम ६ फूट. तर सूर्य मावळला तो शहराच्या मागे, बरोबर त्या चाकाच्या अंगाने. काकूंच्या शब्दांत: "चाक पाणी उडवून राहिलं होतं नं, ते सगळं पाणी केशरी. वाटलं कोणी संत्र्याचा रस काढून राहिलं." नागपूरकराला दुसरी उपमा सुचणं अवघडच.

काकांनी फोटो ग्रुपवर टाकला. खाली जेवणाच्या दालनात वीस फोन एकदम टिणटिणले.

पुढची पाच मिनिटं मला आठवायला आवडत नाहीत. सात-आठ जण भरलं ताट टाकून उठले, जिन्याकडे धावले. काही बसून राहिले आणि माझ्याकडे पाहत राहिले, ते जास्त लागलं. वर पोहोचलेल्यांना आकाशाची लाली मिळाली, सूर्य गेलेला. बाकीचे जेवून साडेआठला वर आले तेव्हा अंधार होता. शहराचे दिवे छान दिसत होते, जाझची धून कानावर येत होती, पण कोणाचं मन लागेना. सोमवारवाल्या दोघी मात्र खूश होत्या; दिवस मावळल्यावरच त्यांचा पहिला घास पडला होता. त्यांना सूर्य नको होता, तो गेलेला हवा होता.

फिटरभाऊ

जेवणाच्या वेळी एक खुर्ची रिकामी होती हे माझ्या उशिरा लक्षात आलं. फिटरभाऊ सातपासून इंजिनरूममध्ये होते. ती प्रवाशांना बघायला खुली असते, आणि ही बोट खरोखर वाफेवर चालते. चाक शोभेचं लावून आत डिझेल इंजिन बसवलेल्या बोटी जगभर आहेत. ही तशी नाही.

मी जाऊन पाहिलं तर ते तेलाच्या वासात, हात पाठीशी बांधून उभे होते. मला पाहून ते दीडशे वर्षांबद्दल बोलले.

"पाटी वाचली का तुम्ही? इंजिन १९२५चं. बोट १९७५ची. अन् तुमचा कागद म्हणते दीडशे वर्षं."

चूक कुठे झाली ते मला तिथेच कळलं. १८७० साली न्यू ऑर्लिन्स ते सेंट लुइस अशी वाफेच्या बोटींची एक गाजलेली शर्यत झाली. 'रॉबर्ट ई. ली' ही बोट ३ दिवस १८ तास १४ मिनिटांत पोहोचून जिंकली. हरलेल्या बोटीचं नाव 'नॅचेझ'. आमच्या बोटीचं नावही 'नॅचेझ'. मी दोन्ही एकच समजलो. खरं म्हणजे १८७०ची ती त्या नावाची सहावी, आणि आम्ही बसलो ती नववी. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, म्हणून नातवाच्या वयात आजोबांची वर्षं कोणी मिळवत नाही.

तरी 'ऐतिहासिक' हा शब्द साफ खोटा म्हणावा का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सांगाडा १९७५चा असला तरी इंजिनं, सुकाणूची यंत्रणा आणि चाकाचा मुख्य आस 'क्लेअरटन' नावाच्या जुन्या बोटीवरून काढून आणलेले आहेत. घंटाही दुसऱ्या एका जुन्या बोटीची. तिचा नाद गोड यावा म्हणून ओतताना २५० चांदीचे डॉलर वितळवून घातले होते असं सांगतात. खऱ्या अर्थाने म्हातारी बोट पाहायची तर केंटकीत लुइव्हिलला 'बेल ऑफ लुइव्हिल' आहे, १९१४ साली बांधलेली. पण फिटरभाऊंचं मत वेगळं पडलं. "माणूस किती वर्षाचा ते हाडावरून नाही, काळजावरून पाहायचं. हे काळीज १९२५चं आहे. एवढंच लिहा."

मग त्यांनी मला इंजिन समजावलं. दोन बाजूंना दोन इंजिनं, आडवी. वाफ सिलिंडरात शिरते, पिस्टन पुढेमागे होतो, लांब दांडा मागच्या चाकाच्या क्रँकला फिरवतो. "आता पहा. इकडचा क्रँक बारावर आहे, तिकडचा तीनवर. दोन्ही एकाच वेळी टोकाला गेले तर चाक अडेल, त्याला डेड सेंटर म्हणतात. म्हणून काटकोनात. एक अडला की दुसरा ऐन जोरात. छिंदवाड्याच्या गाडीला हेच होतं, फक्त तिथे अडीच फुटाच्या रुळावर सहा छोटी चाकं आणि इथे पाण्यात एक मोठं." बोलताना त्यांचा उजवा हात क्रँकसारखा फिरत होता. ते जेवले नाहीत. परत हॉटेलात आल्यावर काकूंनी त्यांच्यापुढे चिवड्याचा डबा ठेवला, न बोलता.

नंतर

नागपूरला परतल्यावर तीन कुटुंबांनी पैशांचा विषय काढला. त्यांचं म्हणणं साधं होतं: जेवणासह तिकीट महाग, जेवणाशिवाय नुसत्या फेरीचं तिकीटही मिळतं, ते घेतलं असतं तर सूर्यास्त तरी हाती लागला असता. मी दोन तिकिटांमधला फरक खिशातून परत करायची तयारी दाखवली. दोघांनी घेतला. तिसरे काका म्हणाले, "पैसे ठेवा हो. तुम्ही 'आत्ता मावळेल, आत्ता मावळेल' म्हणून आम्हाला पाऊण तास उन्हात उभं केलं, ते कसं परत करता?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

माझी चूक दोन पातळ्यांवर होती असं आता वाटतं. वेळ न पाहणं ही उघड चूक, तिच्यावर उपाय दहा सेकंदांचा. दुसरी जास्त खोल: पंगतीचा निर्णय मी मतदानावर सोडला. लोकांनी त्यांच्या भुकेच्या वेळेवर मत दिलं. दुसरं कशावर देणार? बोट कुठल्या दिशेला जाते, चाक मागे आहे, सूर्य कोणत्या बाजूला उतरेल हे सांगणं माझं काम होतं आणि ते मी सांगितलं नाही. विचारलं की आपण लोकशाहीवादी ठरतो, आणि जबाबदारीही आयती वीस जणांत वाटली जाते. इन्सुलिनवाल्या काकूंनी मतदानाकडे न पाहता आपली गरज सांगितली, आणि नेमकं त्यांचंच बरोबर निघालं. योगायोगच, पण त्याने मला झोप लागेना.

पुढच्या वर्षीच्या गटाला मी विचारलंच नाही, सगळी तिकिटं पहिल्या पंगतीची काढली. कुरकुर होणार हे ठाऊक होतं, म्हणून 'जेवण' हा शब्दच काढून टाकला. सहाला 'फराळ', आणि रात्री साडेनऊला हॉटेलात मुगाची खिचडी, राइस कुकरमध्ये, लोणचं-पापडासकट. नवल म्हणजे कोणीही तक्रार केली नाही. त्याच वेळी, त्याच टेबलावर, तेच अन्न. पण सहा वाजता फराळ करायला कोणाचीच हरकत नसते. शाकाहाराच्या शंकांची यादी मी आठवडाभर आधी लिहून पाठवली आणि बुफेपाशी माझी दहा मिनिटंही गेली नाहीत. सोमवार टाळून बुधवार घेतला.

पत्रक छापायच्या आधी नवी ओळ फिटरभाऊंना वाचून दाखवली: "१९२५च्या वाफेच्या इंजिनावर चालणारी १९७५ची बोट. सहाला फराळ, सातला बोट सुटेल, ८ वाजून ३ मिनिटांनी सूर्यास्त, मागच्या डेकवर उभं राहावं." आमचा डिझाइन करणारा पोरगा वैतागला. "सर, ही जाहिरात आहे का रेल्वेचं टाइमटेबल?"

फिटरभाऊंनी चष्मा वर केला आणि त्याच्याकडून पेन मागून घेतलं. 'मागच्या डेकवर' याच्या पुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: 'इंजिनरूम तळमजल्यावर, जेवण चुकलं तरी चालेल.'